रिकाम्या संगणकाचा पहिला प्रश्न

संगणकाचा इतिहास आपल्याकडे बहुतेक वेळा कंपन्यांचा आणि त्यांच्या संस्थापकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी काय शोधले, कोण किती श्रीमंत झाले, कोणाचा धंदा बुडाला, याच्या कहाण्या भरपूर आहेत. पण खोक्यातून काढलेल्या कोऱ्या संगणकावर ऑपरेटिंग सिस्टम टाकण्याचे काम या इतिहासात क्वचितच येते. हे काम ज्यांनी केले ते लॅबचे साहाय्यक, कार्यालयाचे तंत्रज्ञ, विद्यापीठाचे सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर. त्यांच्या नावाने कोणी चरित्र लिहीत नाही.

संगणक एकच असेल तर काम सोपे आहे. डिस्क घाला, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्या, तासाभराने उठा. संगणक चाळीस असतील तर तेच प्रश्न चाळीस वेळा येतात. भाषा कोणती? घड्याळ कोणत्या देशाचे? हार्ड डिस्कचे किती भाग करायचे? पासवर्ड काय? माणूस थकतो. सत्ताविसाव्या संगणकावर एखादे उत्तर चुकते आणि सहा महिन्यांनी त्याच यंत्रावर काहीतरी बिघडते. तेव्हा कारण सापडत नाही, कारण कोणत्या यंत्राला काय उत्तर दिले हे कुठेच लिहिलेले नसते. ते फक्त थकलेल्या माणसाच्या हातात होते आणि हात ते विसरून गेलेला असतो.

गेल्या चार दशकांत हे काम माणसाच्या हातातून नेटवर्ककडे कसे गेले, त्याचा हा धावता आढावा. वरवर पाहता ही कष्ट वाचवण्याची गोष्ट आहे. नीट पाहिले तर ती लेखनाची आणि विश्वासाची गोष्ट आहे.

डिस्क नसलेले यंत्र

फेब्रुवारी १९८२ मध्ये अमेरिकेत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी स्थापन झाली. स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्क या नावाच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव आले. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनची वर्कस्टेशन्स विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत पोहोचली. त्या काळी हार्ड डिस्क फार महाग होती. म्हणून एक मार्ग निघाला. प्रत्येक टेबलावर डिस्क नसलेले यंत्र ठेवायचे, मोठी डिस्क एका सर्व्हरला लावायची आणि सगळ्यांनी नेटवर्कवरून तिचा वापर करायचा.

यात एक मूलभूत अडचण होती. डिस्क नाही म्हणजे आठवण नाही. बटण दाबल्यावर त्या यंत्राला स्वतःबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते, ती म्हणजे नेटवर्क कार्डावर कारखान्यातच कोरलेला ४८ बिटांचा क्रमांक. आपला आयपी पत्ता काय, सर्व्हर कोणता, कोणती फाइल मागायची, यातले काहीच त्याला माहीत नसते. नव्या गावात रात्री उतरलेल्या माणसाने चौकात उभे राहून ‘मी कोण आणि माझे घर कुठे’ असे मोठ्याने विचारावे, तशी त्याची अवस्था.

यावर पहिला उपाय जून १९८४ मध्ये आरएआरपी या नावाने आला. तो यंत्राला फक्त पत्ता सांगे, पुढे काय करायचे ते सांगत नसे. शिवाय प्रत्येक स्वतंत्र नेटवर्कवर उत्तर देणारा वेगळा सर्व्हर लागे. सप्टेंबर १९८५ मध्ये स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी ‘बूटपी’ची रचना प्रसिद्ध केली. यात यंत्र एकच हाक देते आणि एकाच उत्तरात तिन्ही गोष्टी मिळतात : तुझा पत्ता हा, तुझा सर्व्हर हा, आणि तू मागायची फाइल ही. वाटेत दुसरे नेटवर्क असेल तर मधला राऊटर ही हाक पुढे पोहोचवू शकतो. बिल क्रॉफ्टसोबत हे काम करणारे गिलमोर पुढे १९९० मध्ये डिजिटल नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचे एक संस्थापक झाले.

फाइलचे नाव कळले, आता ती आणायची कशी? त्यासाठी टीएफटीपी हा नियमसंच आधीच तयार होता. मूळ रचना नोएल चियापा यांची, आणि १९८१ चा दस्तऐवज कॅरन सॉलिन्स यांनी लिहिला. तो मुद्दाम इतका छोटा ठेवला गेला की एका लहानशा चिपमध्ये मावावा. फाइलचे ५१२ बाइटचे तुकडे करायचे, एक तुकडा पाठवायचा, पोच आली की पुढचा. मूळ नियमांनुसार अशी सुमारे ३२ मेगाबाइटपर्यंतची फाइल पाठवता येत असे. त्या काळी एवढी मोठी फाइल कोणी मागेल असे कोणाला वाटले नव्हते.

या साध्या व्यवहारातही एक मजेदार दोष होता. पोच उशिरा आली तर पाठवणारा तोच तुकडा पुन्हा पाठवी. घेणारा दोन्हींची पोच देई. पाठवणारा दोन पोचांना उत्तर म्हणून पुढचा तुकडा दोनदा पाठवी. मग शेवटपर्यंत प्रत्येक तुकडा दोनदा जाई. एका झाडूचे अनेक झाडू होतात आणि आवरत नाहीत, त्या युरोपीय कथेतल्या जादूगाराच्या शिष्याचे नाव या दोषाला मिळाले. १९९२ च्या सुधारित दस्तऐवजात तो काढून टाकण्यात आला.

पण टीएफटीपीमध्ये आणखी एक गोष्ट नव्हती आणि ती आजही नाही. त्यात नाव आणि पासवर्ड विचारण्याची सोय नाही. कोण मागतो आहे हे सर्व्हर विचारत नाही, कोण देतो आहे हे यंत्र विचारत नाही. एका विद्यापीठाच्या इमारतीत, एकमेकांना ओळखणाऱ्या लोकांमध्ये हे चालून जाणारे होते. या साधेपणाची किंमत पुढे मोजावी लागणार होती.

ऑक्टोबर १९९३ मध्ये बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांच्या नावाने डीएचसीपीचा दस्तऐवज आला. बूटपीच्याच संदेशाचा साचा वापरून त्याने पत्ते ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याची सोय केली. आज आपला मोबाइल घरातल्या वायफायला जोडला जातो, तेव्हा हाच व्यवहार घडतो. डिस्क नसलेल्या यंत्राची ती हाक आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

उत्तरांची वही

पुढे डिस्क स्वस्त झाली आणि प्रत्येक यंत्रात आली. आता सर्व्हरवरून फक्त काम चालवायचे नव्हते, तर यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर पूर्ण ऑपरेटिंग सिस्टम बसवायची होती. म्हणजे प्रश्नोत्तरांचे काम परत आले.

सनने सोलारिस या आपल्या ऑपरेटिंग सिस्टमसाठी नव्वदच्या दशकात ‘जम्पस्टार्ट’ नावाची व्यवस्था आणली. कल्पना साधी होती. यंत्र जे प्रश्न विचारणार आहे, त्यांची उत्तरे आधीच लिहून सर्व्हरवर ठेवायची. त्यात दोन प्रकारच्या फाइल असत. एक नियमांची : यंत्राची मेमरी इतकी असेल, किंवा ते अमुक नेटवर्कवर असेल, किंवा त्याचे नाव अमुक असेल, तर त्याला अमुक आराखडा लावा. दुसरी त्या आराखड्याची : डिस्कचे भाग असे, सॉफ्टवेअरचा संच हा. इन्स्टॉल होण्याआधी आणि झाल्यानंतर चालवायच्या आज्ञाही लिहिता येत. नियम वरून खाली वाचले जात आणि जो पहिला जुळेल तोच लागू होई. ‘कोणतेही यंत्र’ असा सर्वांना जुळणारा नियमही होता. तो शेवटी लिहिला तर उरलेल्यांची सोय होई. चुकून सर्वांत वर लिहिला तर खालचे सगळे नियम निरर्थक ठरत. म्हणून नियमांची फाइल आधी एका तपासणी प्रोग्रामकडून मंजूर करून घ्यावी लागे. पण तो प्रोग्राम व्याकरण तपासू शकतो, लिहिणाऱ्याचा हेतू नाही.

लिनक्सच्या जगात रेड हॅटने याच धर्तीवर ‘किकस्टार्ट’ दिले. त्यातली एक गोष्ट मला नेहमी महत्त्वाची वाटते. रेड हॅट हाताने इन्स्टॉल केले तरी इन्स्टॉलर तुम्ही दिलेल्या उत्तरांची नोंद एका फाइलमध्ये करून ठेवतो. तुम्ही लिहिले नाही तर यंत्रच तुमचा कारकून होते. ती फाइल घ्या, थोडी दुरुस्त करा, आणि पुढच्या यंत्राला द्या.

जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठात थॉमस लांगे हे सोलारिसची यंत्रे जम्पस्टार्टने सांभाळत होते. लिनक्सच्या यंत्रांसाठीही तशीच सोय हवी म्हणून त्यांनी १९९९ मध्ये ‘फाय’ हा प्रकल्प सुरू केला. फुली ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन, म्हणजे संपूर्ण स्वयंचलित इन्स्टॉलेशन, या शब्दांचे ते लघुरूप. त्यांनी यंत्रांचे ‘वर्ग’ केले. एकच यंत्र एकाच वेळी ‘डेबियन’, ‘वेब सर्व्हर’ आणि ‘तिसरा मजला’ अशा अनेक वर्गांत असू शकते, आणि प्रत्येक वर्गाचे नियम त्याला लागतात. हा प्रकल्प आजही चालू आहे.

हा बदल केवळ सोयीचा नाही. पूर्वी ‘आपली यंत्रे कशी बसवली आहेत’ हे एका माणसाला माहीत असे. तो नोकरी सोडून गेला की ज्ञानही गेले. आता ते ज्ञान मजकूर झाले. मजकूर दुसऱ्याला वाचता येतो, त्यातली चूक दाखवता येते, जुनी आणि नवी प्रत ताडून पाहता येते.

नक्कल की कृती?

याच सुमारास दुसरी वाटही लोकप्रिय झाली. न्यूझीलंडचे मरे हॅझर्ड यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर तयार केले, आणि १९९८ मध्ये ते अमेरिकेच्या सिमँटेक कंपनीने विकत घेतले. घोस्टचे तत्त्व असे की एक यंत्र हाताने नीट तयार करा, त्याच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा आणि ती बाकीच्यांवर उतरवा. प्रश्न नाहीत, नियमांची फाइल नाही. सायबर कॅफे आणि संगणक वर्गांच्या काळात हे नाव अनेक तंत्रज्ञांच्या तोंडी होते.

नक्कल झटपट होते, पण ती काय आहे हे सांगत नाही. मूळ यंत्रावर कोणी काय केले याची नोंद प्रतिमेत नसते, फक्त परिणाम असतो. शिवाय नक्कल ओळखीचीही होते. विंडोज यंत्रांच्या अंतर्गत ओळखक्रमांकाची नक्कल झाली तर सुरक्षेचा घोटाळा होईल, अशी धास्ती अनेक वर्षे होती. तो क्रमांक बदलण्याचे एक साधन मार्क रुसिनोविच यांनीच दिले होते. २००९ मध्ये त्यांनीच लिहिले की या विशिष्ट क्रमांकाची भीती निराधार होती, आणि ते साधन मागे घेतले. तंत्रज्ञानाच्या जगातही ऐकीव गोष्टी वर्षानुवर्षे खऱ्या मानल्या जातात, याचे हे बोलके उदाहरण.

पण ओळखीचा प्रश्न खोटा नव्हता. दूरवरून सुरक्षित जोडणी करण्यासाठी यंत्राजवळ स्वतःची गुप्त चावी असते. प्रतिमेतच ती चावी राहून गेली तर शंभर यंत्रांची चावी एकच होते. नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरची उपकरणे तपासली तेव्हा कितीतरी उपकरणांच्या चाव्या सारख्याच निघाल्या. काहींत कारखान्यातून एकच चावी आली होती. काहींनी पहिल्यांदा सुरू झाल्याबरोबर चावी बनवली होती, आणि त्या क्षणी त्यांच्याजवळ पुरेशी यादृच्छिकताच नव्हती. नुकत्याच जाग्या झालेल्या यंत्राजवळ वेगळे असण्यापुरताही अनुभव नसतो.

दुसरी वाट कृतीची. स्वयंपाकाची कृती लिहून ठेवली की ताट प्रत्येक वेळी नव्याने बनते. वेळ थोडा जास्त लागतो, पण काय घातले ते वाचता येते. आज मोठ्या संस्था दोन्हींची सांगड घालतात. प्रतिमा वापरतात, पण ती प्रतिमा लिहिलेल्या कृतीतून तयार करतात.

साध्या संगणकाला मिळालेली हाक

आतापर्यंत नेटवर्कवरून सुरू होणे ही मुख्यतः महागड्या वर्कस्टेशनची ऐट होती. साध्या पीसीला त्यासाठी नेटवर्क कार्डावर वेगळी चिप बसवावी लागे किंवा खास फ्लॉपी घालावी लागे. इंटेलने पीएक्सई हे मानक पुढे आणले आणि सप्टेंबर १९९९ मध्ये त्याची २.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. आत डीएचसीपी आणि टीएफटीपी हेच जुने घटक होते. पण आता ते सामान्य पीसीत कारखान्यातूनच येऊ लागले. मायक्रोसॉफ्टनेही विंडोज २००० बरोबर नेटवर्कवरून इन्स्टॉल करण्याची सेवा दिली.

याचा सर्वांत मोठा फायदा झाला तो क्लस्टरना. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे पीसी जोडून ‘बिओवुल्फ’ उभा केला होता. महासंगणकाचे काम स्वस्तात होऊ शकते हे त्याने दाखवले. पण पीसी वाढले तसा सांभाळण्याचा व्याप वाढला. सॅन डिएगोच्या महासंगणक केंद्रातून २००० मध्ये ‘रॉक्स’ ही व्यवस्था आली. तिचा विचार तेव्हा धाडसी होता : बिघडलेले यंत्र दुरुस्त करत बसू नका, ते पुसून नव्याने इन्स्टॉल करा. इन्स्टॉलेशन आयुष्यात एकदा करायचा सोहळा राहिला नाही, ते रोजच्या देखभालीचे हत्यार झाले.

अमेरिकेत पुढे या विचाराला एक उपमा चिकटली : सर्व्हर म्हणजे लाडाने नाव ठेवलेले पाळीव जनावर नव्हे, ती कळपातली गुरे आहेत. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणाऱ्या आणि त्याला नावाने हाक मारणाऱ्या मराठी शेतकऱ्याला ही उपमा पटणार नाही. आपल्यासाठी छापखाना जास्त जवळचा आहे. पान फाटले तर ते चिकटवत बसायचे नाही, त्याच जुळवलेल्या खिळ्यांवरून दुसरी प्रत काढायची. मात्र या उपमेला दुसरी बाजू आहे. जुळणीत एक अक्षर चुकले तर ते हजारो प्रतींत चुकते.

एका विद्यापीठातला मे महिना

१४ मे २०१४ रोजी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात नेमके हेच घडले. विंडोज ७ बसवण्याची आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थापन सॉफ्टवेअरमधून चुकून सगळ्याच विंडोज यंत्रांना गेली. लॅपटॉप, डेस्कटॉप आणि सर्व्हरही त्यात आले. प्रत्येकाने आज्ञा निमूटपणे पाळली, म्हणजे आपली डिस्क पुसून नव्याने सुरुवात केली. चूक लक्षात येताच आज्ञा देणारा सर्व्हर बंद करण्यात आला. पण तोवर त्या सर्व्हरनेही स्वतःची डिस्क पुसली होती.

इथे कोणी हल्ला केला नव्हता. व्यवस्था बिघडलीही नव्हती, उलट ती अगदी व्यवस्थित चालली. ज्या ताकदीने तास वाचतात, त्याच ताकदीने काही मिनिटांत सगळे पुसले जाते. हाताने काम करणाऱ्याच्या चुकीला त्याच्या थकव्याची मर्यादा असते. लिहिलेली आज्ञा थकत नाही.

आणि जिथे खरोखर हल्लेखोर असतो तिथे जुना भोळेपणा आडवा येतो. रिकामे यंत्र हाक देते आणि जो आधी उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवते. त्याच नेटवर्कवर कोणी खोटा सर्व्हर लावला, तर यंत्र त्याच्याकडून ऑपरेटिंग सिस्टम आनंदाने घेईल. म्हणून २०१५ मध्ये यूईएफआय मानकात वेबच्या मार्गाने बूट करण्याची सोय आली, तिला सुरक्षित जोडणीची साथ मिळाली, आणि सुरुवातीच्या प्रोग्रामवरची डिजिटल सही तपासण्याची पद्धतही रूढ झाली. तरी जानेवारी २०२४ मध्ये क्वार्क्सलॅब या फ्रेंच संस्थेच्या संशोधकांनी नेटवर्क बूटच्या एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कोडमध्ये नऊ त्रुटी दाखवल्या. १९८५ ची हाक अजून पूर्ण सुरक्षित झालेली नाही.

वही कोणाच्या हाती?

म्युनिक शहराचे उदाहरण देऊन हा विषय संपवतो. २००३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने विंडोज सोडून लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. प्रत्येक खात्याचे संगणक विभाग वेगळे, पद्धती वेगळ्या. त्या सगळ्यांना एका लिखित पद्धतीवर आणणे हेच सर्वांत अवघड काम ठरले, आणि इन्स्टॉलेशनसाठी तिथे लांगे यांचे ‘फाय’ वापरले गेले. २०१३ च्या अखेरीस सुमारे १५ हजार संगणकांवर काम पूर्ण झाले. २०१७ मध्ये नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे जाण्याचे ठरवले. तो निर्णय राजकीय होता आणि त्यावर आजही वाद आहे. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना लागू होते. ज्या संस्थेकडे आपली यंत्रे कशी बसवली याची लिखित वही आहे, तिला निर्णय घेता येतो आणि बदलताही येतो. जिच्याकडे ती नाही, ती ठेकेदारावर अवलंबून राहते.

आपल्या शाळांत, महाविद्यालयांत, सहकारी बँकांत आणि छोट्या रुग्णालयांत शेकडो संगणक आहेत. ते सांभाळणाऱ्या माणसाला आपण ‘कम्प्युटरवाला’ म्हणतो आणि विसरून जातो. त्याच्याकडून तीन साध्या गोष्टी मागता येतील. यंत्रे कशी बसवली ते लिहून ठेव. ती फाइल सगळीकडे लावण्याआधी दोन यंत्रांवर लावून बघ. आणि सगळ्यांना लागू होणारी आज्ञा देण्यापूर्वी दुसऱ्या माणसाकडून ती वाचून घे. छापखान्यात मुद्रितशोधक याच कामासाठी असे, आणि त्याचा पगार कोणी वायफळ खर्च मानत नसे. आपण ही मागणी करणार असू, तर हे लिहिण्या-वाचण्यासाठी लागणारा वेळ त्याच्या कामाचा भाग म्हणून मोजण्याची जबाबदारीही आपलीच आहे.